दुसऱ्या पायरीवरचे फुटबॉल

असरची नमाज आटोपली की आखाडा बाळापुरात शाळेच्या मैदानावर पोरे जमतात. बहुतेक जण टेनिस बॉलचे क्रिकेट खेळतात, पण अलीकडे एका कोपऱ्यात फुटबॉलही दिसू लागला आहे. इकडे दोन दगड, तिकडे दोन चपला, झाला गोलपोस्ट. अंगात कुणाच्या मेस्सीची जर्सी, कुणाच्या रोनाल्डोची. मोहम्मद सलाहची तर हमखास. लिव्हरपूलचे अकरा खेळाडू ही मुले तोंडपाठ म्हणून दाखवतील. भारतातल्या दुसऱ्या श्रेणीच्या व्यावसायिक लीगमधला एक तरी क्लब सांगा म्हटले तर एकमेकांच्या तोंडाकडे बघतात. त्यांचा दोष नाही. ते सामने कुणी मोठ्या आवाजात दाखवत नाही, पेपरात आले तर आतल्या पानावर चार ओळी.

पण यातला एखादा मुलगा खरोखर चांगला निघालाच, तर त्याचा पहिला पगार लिव्हरपूलकडून येणार नाही. तो बहुधा या दुसऱ्या किंवा तिसऱ्या श्रेणीतल्या क्लबकडून येईल. गावातल्या एका अब्बांनी मला सरळच विचारले, "पोरगं पळतंय चांगलं, पण पुढं काय? ह्यात पगार देतंय कोण?" हा लेख त्या प्रश्नासाठी लिहिला आहे.

लीगची उतरंड

आधी रचना समजून घेऊ. आपल्याकडे सर्वांत वर इंडियन सुपर लीग, म्हणजे आयएसएल. 2024-25 च्या हंगामात तिच्यात 13 क्लब होते. तिच्याखाली आय-लीग, त्या हंगामात 12 क्लब. त्याखाली आय-लीग 2, त्याखाली 2023-24 पासून सुरू झालेली आय-लीग 3, आणि सर्वांत खाली प्रत्येक राज्याची व जिल्ह्याची आपापली लीग. जी आय-लीग आज दुसऱ्या श्रेणीची म्हणून ओळखली जाते, ती 2007 मध्ये सुरू झाली तेव्हा देशातली पहिल्या क्रमांकाची लीग होती. तिच्या खाली जाण्याची कहाणी पुढे येईलच.

हिशेब साधा आहे. बारा क्लब असतील तर प्रत्येकाने उरलेल्या अकरांशी दोनदा खेळायचे, एकदा आपल्या गावात आणि एकदा त्यांच्या. म्हणजे प्रत्येकाचे 22 सामने. जिंकले तर 3 गुण, बरोबरीला 1, हरले तर काही नाही. उपांत्य फेरी नाही, अंतिम सामना नाही. मार्च-एप्रिलपर्यंत ज्याच्या खात्यात सर्वांत जास्त गुण तो विजेता. त्याला वरच्या लीगमध्ये बढती मिळते, आणि तळाचे दोन क्लब खाली आय-लीग 2 मध्ये जातात. 2024-25 मध्ये एससी बेंगळुरू आणि दिल्ली एफसी हे दोघे घसरले. यातला बेंगळुरूचा क्लब आदल्याच वर्षी आय-लीग 2 जिंकून वर आला होता. वर्षभरात चढला आणि उतरलाही.

क्रिकेटवर वाढलेल्या माणसाला ही घसरण चटकन पचत नाही. आयपीएलमध्ये तळाला राहिलेला संघ पुढच्या वर्षी त्याच दिमाखात पुन्हा उतरतो, त्याला कुणी बाहेर काढत नाही. जगभरच्या फुटबॉलमध्ये तसे चालत नाही, म्हणून तिथे शेवटून दुसऱ्या आणि तिसऱ्या संघांचा सामनाही लोक जीव मुठीत धरून बघतात. इंग्लंडच्या दुसऱ्या श्रेणीच्या लीगचे नाव चॅम्पियनशिप. तिच्यात 24 क्लब, प्रत्येकाचे 46 सामने. 2024-25 च्या नियमांप्रमाणे पहिले दोन थेट प्रीमियर लीगमध्ये गेले आणि तिसऱ्यापासून सहाव्यापर्यंतच्या चार संघांत बाद फेरी होऊन त्यातला एक वर गेला. तळाचे तीन खाली. त्या बाद फेरीचा अंतिम सामना वेम्बलीच्या मैदानावर होतो आणि तो जिंकणाऱ्या क्लबच्या पदरात पडणारा पैसा एवढा असतो की एखाद्या शहराचे नशीब पालटावे. प्रीमियर लीगमधून खाली आलेल्या क्लबांना काही वर्षे वरून मदतीची रक्कमही मिळत राहते, कारण वरच्या लीगचे पगार देत खालच्या लीगमध्ये तग धरणे कठीण.

आपल्याकडे ही मदत नाही. आणि बरीच वर्षे बढतीही नव्हती.

बंद दार

2014 मध्ये आयएसएल सुरू झाली ती मोठमोठ्या उद्योगपतींच्या, सिनेनटांच्या आणि क्रिकेटपटूंच्या मालकीचे संघ घेऊन. शहरे वाटून घेतलेली, प्रवेशाला घसघशीत रक्कम. आय-लीग बाजूला चालूच होती. दोन लीग काही वर्षे शेजारी शेजारी चालल्या आणि शेवटी 2019 च्या ऑक्टोबरमध्ये आशियाई फुटबॉल महासंघाच्या मध्यस्थीने तोडगा ठरला की आयएसएल पहिल्या श्रेणीची, आय-लीग दुसऱ्या श्रेणीची. 2022-23 पासून आय-लीगच्या विजेत्याला प्रवेशाची रक्कम न भरता, केवळ खेळाच्या जोरावर वर जाता येईल असेही ठरले. अट एकच, क्लबने परवान्याचे निकष पूर्ण करावेत.

या मधल्या काळात सर्वांत जास्त सोसले ते केरळच्या गोकुलम क्लबने. 2020-21 आणि 2021-22 अशी दोन वर्षे लागोपाठ त्यांनी आय-लीग जिंकली आणि दोन्ही वेळा आहे तिथेच राहिले. वर जायचे दार उघडायला एक वर्ष बाकी होते! दार उघडले आणि 2022-23 मध्ये पंजाबचा क्लब आत गेला. गोकुलमला पुन्हा तशी संधी आली नाही. आमच्या मते भारतीय फुटबॉलमधला हा मोठा अन्याय आहे, फक्त तो कुठल्या एका माणसाने केलेला नसल्यामुळे त्यावर कुणी बोलत नाही.

परवान्याचे निकष म्हणजे काय, तेही सांगतो. आशियाई महासंघ क्लबची तपासणी पाच अंगांनी करतो: खेळ, मैदान व सोयी, माणसे व प्रशासन, कायदा आणि पैसा. क्लबकडे लहान मुलांचे संघ आहेत का, प्रशिक्षकांकडे योग्य दर्जाचे प्रमाणपत्र आहे का, खेळाडूंचे पगार थकले आहेत का, सारे कागदोपत्री दाखवावे लागते. मैदानावर अकरा जण उतरवले की क्लब झाला, असे नाही.

मोहमेडन स्पोर्टिंगचे येणे

2023-24 मध्ये ज्या क्लबने आय-लीग जिंकली त्याचे नाव आपल्या वाडवडिलांनी ऐकलेले होते. कोलकात्याचा मोहमेडन स्पोर्टिंग, स्थापना 1891. इंग्रजांच्या लष्करी पलटणींचे संघ कोलकाता लीगवर राज्य करत होते तेव्हा 1934 मध्ये ती लीग जिंकणारा हा पहिला भारतीय क्लब. नुसती एकदा नव्हे, 1934 ते 1938 अशी सलग पाच वेळा. 1940 मध्ये दिल्लीत रॉयल वॉर्विकशायर रेजिमेंटला 2-1 ने हरवून ड्युरँड कप जिंकणाराही हाच पहिला भारतीय संघ. याच क्लबचा मोहम्मद सलीम 1936 मध्ये स्कॉटलंडला गेला आणि सेल्टिक क्लबच्या राखीव संघाकडून पायात बूट न घालता, नुसत्या पट्ट्या बांधून खेळला. तिथल्या वर्तमानपत्रांनी त्याची भरभरून तारीफ केली. पण त्याला घरची ओढ लागली आणि तो परत आला.

असा क्लब पुढे ढासळत ढासळत दुसऱ्या फळीत गेला. पैशाचे वांधे, आपसातल्या कुरबुरी, मोठ्या शेजाऱ्यांच्या सावलीत राहणे, सगळेच झाले. 6 एप्रिल 2024 रोजी शिलाँगमध्ये शिलाँग लाजोंगला 2-1 ने हरवून त्यांनी आय-लीग निश्चित केली. हंगामातल्या 24 सामन्यांत 52 गुण. कोलकात्यात त्या रात्री काय झाले असेल याची कल्पना करता येईल.

पुढे काय झाले हेही सांगायला हवे, नाहीतर चित्र अर्धवट राहील. आयएसएलमधल्या पहिल्याच हंगामात मोहमेडन तेरा संघांत तेरावा आला. खेळाडूंच्या थकलेल्या पगाराच्या बातम्या येत राहिल्या. खालच्या लीगमध्ये जिंकणारा संघ वरच्या लीगमध्ये उभा राहायचा तर नवे खेळाडू हवेत, नवा पैसा हवा, आणि विजयाच्या एप्रिलपासून नव्या हंगामाच्या सप्टेंबरपर्यंत हाती असतात जेमतेम पाच महिने. आयएसएलमधून खाली ढकलण्याची पद्धत अजून अमलात आली नव्हती म्हणून क्लब वरच राहिला.

मैदानावरून कोर्टात

2024-25 चा आय-लीगचा निकाल तर मैदानावर लागलाच नाही. शेवटच्या दिवशी, 6 एप्रिल 2025 ला, गोव्याचा चर्चिल ब्रदर्स 40 गुणांवर आणि वाराणसीचा इंटर काशी 39 गुणांवर होता. पण जानेवारीतल्या एका सामन्याचे भिजत घोंगडे पडलेले. नामधारी एफसीने इंटर काशीला हरवले होते, मात्र पिवळ्या कार्डांमुळे निलंबित असलेला खेळाडू उतरवून. नियमाने ते गुण इंटर काशीला मिळायला हवे होते. शिस्तपालन समितीने दिले, अपील समितीने काढून घेतले. चर्चिलला विजेता जाहीर केले, करंडकही दिला. इंटर काशी स्वित्झर्लंडमधल्या क्रीडा लवादाकडे गेला आणि 18 जुलै 2025 रोजी लवादाने इंटर काशीला विजेता ठरवले.

एका खेळाडूचे कार्ड मोजण्यात झालेली चूक, तिने एका क्लबचा करंडक काढून दुसऱ्याला दिला. क्लबच्या कार्यालयात बसून नोंदवही सांभाळणारा माणूस गोलरक्षकाइतकाच महत्त्वाचा असतो, हे यावरून ध्यानात यावे. ज्या मुलांना खेळाची आवड आहे पण पायात ती जादू नाही, त्यांनी या बाजूकडे जरूर बघावे. फिजिओ, व्हिडिओ विश्लेषक, सामना पंच, क्लबचा सचिव, ही सारी कामे आहेत आणि त्यांना शिकलेली माणसे कमी पडतात.

चर्चिलविषयी वाईट वाटते ते मात्र खरे. गोव्याचा वार्का गावचा हा क्लब एकेकाळी देशाचा विजेता. त्याच्यासोबत त्या हंगामात गोव्याचा धेंपोही आय-लीगमध्ये होता. पाच वेळा राष्ट्रीय विजेता ठरलेला धेंपो 2016 मध्ये रागावून बाहेर पडला होता, आणि पुढे आय-लीग 2 मधून, म्हणजे तिसऱ्या पायरीवरून चढत परत आला.

महाराष्ट्राचे काय?

आपल्या राज्यात आयएसएलमध्ये मुंबई सिटी आहे. 2024-25 च्या आय-लीगमध्ये महाराष्ट्राचा एकही क्लब नव्हता. अकरा कोटींवर लोकांचे राज्य, आणि दुसऱ्या पायरीवर कुणी नाही. असे का झाले, याचे उत्तर नावांच्या यादीतच आहे. महिंद्रा युनायटेडने 2005-06 मध्ये राष्ट्रीय लीग जिंकली. 2010 मध्ये कंपनीने संघ बंद केला. पुणे एफसी 2007 मध्ये निघाला, खालून जिंकत आय-लीगमध्ये आला, 2015 मध्ये संपला. भारत एफसी, तोही पुण्याचा, एकच हंगाम खेळला. डीएसके शिवाजियन्स दोन हंगाम. मुंबई एफसी 2016-17 मध्ये तळाला राहून घसरला तो पुन्हा उठलाच नाही. त्यानंतर मुंबईचा केंकरे क्लब वर आला आणि 2022-23 मध्ये तोही खाली गेला.

दरवेळी गोष्ट तीच. उद्योगसमूह हौसेने संघ काढतो, चार-पाच वर्षे खर्च सोसतो. तिकिटांची विक्री नाममात्र, प्रक्षेपणातून हाती फारसे काही येत नाही, मैदान भाड्याचे, आणि ऐझॉल, श्रीनगर, कोळिकोड असा साऱ्या देशभर प्रवास. मालकाचा धंदा खाली बसला किंवा मन फिरले की संघ बंद. वीस-पंचवीस खेळाडू मे महिन्यात बेरोजगार. ज्या क्लबमागे गाव किंवा शहर उभे आहे तोच टिकतो. श्रीनगरचा रिअल काश्मीर पाहा. 2014 च्या महापुरानंतर मुलांना काहीतरी विरंगुळा हवा म्हणून संपादक शमीम मेहराज आणि व्यावसायिक संदीप चट्टू यांनी फुटबॉल वाटले, त्यातून 2016 मध्ये क्लब उभा राहिला आणि 2018 मध्ये खालची लीग जिंकून आय-लीगमध्ये पोहोचला.

गाव मागे उभे राहणे म्हणजे काय ते आपल्या कोल्हापूरला विचारावे. तिथे फुटबॉल तालमींचा आहे: पाटाकडील, बालगोपाल, खंडोबा, दिलबहार. शाहू स्टेडियमवर दोन तालमींचा सामना असला की बाजारपेठ ओस पडते. कोल्हापूरचा अनिकेत जाधव 2017 च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला आणि नंतर आय-लीगमध्ये इंडियन ॲरोजकडून. एवढे वेड असलेल्या शहराचा एक व्यावसायिक क्लब राष्ट्रीय लीगमध्ये नसावा, हे कोडे काही सुटत नाही. (आमच्या गावाच्या नावातही आखाडा आहे, पण मराठवाड्यात आखाडा म्हणजे शेतातली वस्ती, गुरे बांधायची जागा. कोल्हापूरकरांनी गैरसमज करून घेऊ नये.)

खालिद जमील

या सगळ्यात एक नाव प्रत्येक पायरीवर भेटते. खालिद जमील. जन्म 1977, कुवेतमध्ये. खेळाडू म्हणून महिंद्रा युनायटेड, एअर इंडिया, मुंबई एफसी. दुखापतींनी खेळ लवकर थांबला. 2009 मध्ये मुंबई एफसीचे प्रशिक्षक झाले आणि सात वर्षे त्या बेताच्या पैशातल्या संघाला त्यांनी घसरू दिले नाही. 2016 मध्ये त्यांना जावे लागले. ते गेले मिझोरामच्या ऐझॉल क्लबकडे. हा क्लब आदल्या हंगामात घसरला होता. गोव्याच्या क्लबांनी माघार घेतली म्हणून त्याला परत बोलावण्यात आले होते. त्याच संघाला घेऊन जमील यांनी 2016-17 ची आय-लीग जिंकली, 37 गुण, मोहन बागानपेक्षा एकाने जास्त. आणि त्याच हंगामात मुंबई एफसी तळाला जाऊन घसरला.

ऑगस्ट 2025 मध्ये ते भारतीय संघाचे मुख्य प्रशिक्षक झाले. मोठमोठ्या परदेशी नावांनंतर एक भारतीय, तोही मोठ्या क्लबांच्या मिरवणुकीतून न आलेला. कमी बोलणारा, कॅमेऱ्यापासून लांब राहणारा माणूस. ते आले तेव्हा वरची व्यवस्था मात्र डळमळीत होती. महासंघ आणि आयएसएल चालवणारी कंपनी यांच्यातला 2010 चा पंधरा वर्षांचा करार संपत आला होता आणि जुलै 2025 मध्ये आयएसएलचा नवा हंगाम पुढे ढकलला गेला. वरचा मजला हलला की खालच्या मजल्यावरच्या खेळाडूंचेही करार अडकतात, ही बाब आईबापांनी ध्यानात ठेवावी.

आपल्या घरातले प्रश्न

बाळापूरहून मुंबई लांब, हैदराबाद जवळ. 1956 पर्यंत आपण हैदराबाद राज्यातच होतो, आणि त्या काळी हैदराबाद सिटी पोलिसांचा संघ देशात अव्वल होता. 1950 ते 1954 अशी पाच वर्षे त्यांनी मुंबईचा रोव्हर्स कप सोडला नाही. त्यांचे प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम हे शाळामास्तर. भारताला 1951 आणि 1962 ची आशियाई सुवर्णपदके त्यांच्याच हाताखाली मिळाली. आज त्याच शहरातला श्रीनिदी डेक्कन हा आपल्याला सर्वांत जवळचा आय-लीग क्लब. 2022-23 आणि 2023-24 मध्ये तो दुसरा आला. नांदेडहून हैदराबादला थेट गाड्या आहेत. मुलाला एकदा तरी खरा सामना दाखवून आणावा. मोबाइलवर दिसत नाही ते, म्हणजे खेळाडू चेंडूशिवाय किती पळतो, तिथे दिसते.

आता पगाराचे. आय-लीगमध्ये खेळाडूशी लेखी करार होतो, मुदत आणि रक्कम ठरलेली असते. चांगल्या क्लबात घर चालते, पण करार बहुधा एक-दोन हंगामांचा. क्लबच बंद पडला तर काय, हे वर पाहिलेच. म्हणून शिक्षण सोडून खेळ, असे कुणी सांगत असेल तर त्याचे ऐकू नये. महाराष्ट्रात शासकीय नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे; रेल्वे, पोलीस, बँकांचे संघही भरती करतात. त्या सर्व ठिकाणी गुणपत्रिका लागतेच.

"लाख रुपये द्या, क्लबमध्ये ट्रायल लावून देतो" असे म्हणणारे एजंट आता तालुक्यापर्यंत पोहोचले आहेत. क्लब खेळाडूला पैसे देतो, खेळाडूकडून घेत नाही, एवढी खूणगाठ बांधली तरी पुरे. दुसरी गोष्ट वयाची. जन्मतारीख मागेपुढे करून लहान गटात मूल घुसवायची सवय आपल्या भागात आहे. युवा स्पर्धांत मनगटाचा एक्स-रे काढून हाडांवरून वय पाहिले जाते. पकडला गेला तर मूल बदनाम होते, आईबाप नाही.

गावात एखादा क्लब रीतसर नोंदवून ठेवण्याचा फायदा फार थोड्यांना ठाऊक आहे. खेळाडू मोठा होऊन एका देशातल्या क्लबकडून दुसऱ्या देशातल्या क्लबकडे गेला आणि त्यासाठी रक्कम मोजली गेली, तर जागतिक महासंघाच्या नियमाने तिचा पाच टक्के हिस्सा त्याला 12 ते 23 या वयात घडवणाऱ्या क्लबांत वाटला जातो. नोंद असेल तरच.

मुलींसाठीही राष्ट्रीय महिला लीग आहे आणि तिच्याखाली आता दुसरी श्रेणीही. डोक्याच्या कपड्याची शंका असेल त्यांच्यासाठी: नियम करणाऱ्या मंडळाने 2014 मध्येच तो मान्य केला आहे, आणि 2023 च्या महिला विश्वचषकात मोरोक्कोची नुहैला बेन्झिना हिजाब घालूनच खेळली.

सुरुवात शाळेतूनच करायची. सुब्रतो मुखर्जी चषकाच्या स्पर्धा जिल्ह्यातून पुढे विभाग, राज्य आणि दिल्लीपर्यंत जातात, मुलामुलींचे गट वेगळे. पावसाळा लागता लागता नोंदणी सुरू होते. नावे शाळेनेच पाठवायची असतात, त्यासाठी मुख्याध्यापकांची सही आणि जनरल रजिस्टरमधली जन्मतारीख लागते. संघ भरत नसेल तर शेजारच्या वर्गातली पोरे गोळा करा, पण जून उजाडला की क्रीडाशिक्षकांना जाऊन भेटा.